चिरेबंदी गाडी

आमच्या गाडीला इंजिन आहे, चार चाकं आहेत, ब्रेकसुद्धा बहुतेक वेळा आहेत. तरी गेल्या पावसाळ्यापासून घरात, गावात आणि पुण्याच्या नाना पेठेत तिच्याबद्दल बोलणं होतं ते फक्त स्पॉयलरवरून. मागच्या काचेवर, डिकीच्या वरच्या कडेला, घराची वळचण पुढं यावी तसं जे प्लास्टिकचं पाखं असतं, तो स्पॉयलर. त्याला चीर गेली. बास, एवढंच झालं. पण कपाशीला बोंडअळी लागली तरी कृषी खात्यातून एवढे सल्ले येत नसतील, तेवढे त्या वीतभर चिरेवरून आम्हाला आले.

गाडी 2010 सालची. आम्ही ती पुण्यातल्या एका तरुणाकडून घेतली. विकताना त्यानं इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. टायरचा विषय निघाला तेव्हा त्याला फोन आला. स्पॉयलरवरून मात्र प्रेमानं हात फिरवत म्हणाला, "काका, हायवेला कितीही पळवा, गाडी रस्ता सोडत नाही." आता आमचा रस्ता म्हणजे भोरहून आमच्या गावाला, हिर्डोशीला जाणारा. निगुडघर मागं पडलं की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वळणं सुरू होतात, ती वारवंड, शिरगाव करत वरंध घाटापर्यंत थांबत नाहीत. इथं पावसाळ्यात रस्ताच गाडीला सोडून जातो. गाडीनं रस्ता सोडण्याची पाळीच येत नाही.

हा अवयव नेमका करतो काय, हे आम्हाला पुतण्यानं समजावून सांगितलं. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं घरचा मिक्सर सोडून बाकी सगळ्या यंत्रांची त्याला माहिती असते. ओसरीवर मोटारीच्या शर्यतींपासून सुरुवात झाली. 1972 साली पोर्शे कंपनीनं आपल्या 911 करेरा आरएसला मागं बदकाच्या शेपटीचा स्पॉयलर लावला. गाडी ताशी 240 किलोमीटरच्या आसपास पळायची. त्या वेगाला हवा गाडीचा मागचा भाग उचलू बघते, स्पॉयलर तो खाली दाबून धरतो. "आणि हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो," असं म्हणून त्यानं कोळशाच्या तुकड्यानं फरशीवर सूत्र लिहिलं.

आमच्या तात्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "आपली गाडी किती पळती?"

"हिर्डोशीच्या रस्त्याला? पंचवीस."

"मग?"

"मग शंभरच्या वेगाला जेवढा जोर मिळतो, त्याचा सोळावा हिस्सा."

"सोळावा हिस्सा म्हंजी आपल्या वरकसातल्या वाट्याएवढा. कागदावर हाय, हाताला लागत न्हाय."

"तसंच."

"मंग ह्यो असून-नसून गाडीला फरक काय पडत न्हाय?"

"नाही."

"मंग कुणाला पडतो?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी तिसऱ्या ब्रेकलाइटचा मुद्दा काढला. आमच्या गाडीचा तिसरा ब्रेकलाइट त्या स्पॉयलरच्या पोटात आहे. मागून येणाऱ्याला ब्रेक लागलेला कळला पाहिजे, तेव्हा स्पॉयलर ही सुरक्षेची बाब आहे, वगैरे. हे सगळं खरं होतं. पण बायको म्हणाली, "अहो, फोटोत गाडी मागूनच का उभी करता मग दर वेळी?" भोरच्या अलीकडं नेकलेस पॉइंटला नीरा नदीचं ते प्रसिद्ध वळण आहे. तिथं लोक नदीचे फोटो काढतात. आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत नदी थोडी आणि स्पॉयलर जास्त आहे, हे मला नाकारता आलं नाही.

चीर पडली कशी, यावर घरात एकमत झालं नाही आणि होणार नाही. बायकोचं म्हणणं, मी डिकी आपटतो. माझं म्हणणं, तात्यांनी इंद्रायणी तांदळाची पोती डिकीत कोंबून वरून सुतळीनं आवळली, त्या सुतळीनं पाखं दाबलं गेलं. तात्यांचं म्हणणं, माकड. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी आम्ही भजी खायला थांबलो होतो, तेव्हा कठड्यावरच्या टोळीतलं एक थोराड माकड उडी मारून थेट स्पॉयलरवर बसलं होतं, हे खरं आहे. पण तेव्हा गाडीत तात्याच झोपलेले होते, त्यामुळं साक्षीदार म्हणून ते कच्चे. पुण्यातल्या आमच्या सोसायटीतले शेजारी म्हणाले, "ऊन." आणि वैताग असा की शास्त्र शेजाऱ्यांच्या बाजूनं निघालं. हे एबीएस नावाचं प्लास्टिक असतं, वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की ते ठिसूळ होतं. मग डिकी आपटणं, सुतळी, माकड ही सगळी निमित्तं. शेजाऱ्यांना मात्र मी हे सांगितलेलं नाही.

चीर केसाएवढी होती तोवर आम्ही तिच्याकडं काणाडोळा करत होतो. पण हिर्डोशीचा पाऊस काणाडोळा करू देत नाही. आषाढात एकदा गाडी अंगणात आठवडाभर उभी राहिली. पाऊस उघडल्यावर बघतो तर चिरेत शेवाळ. हिरवीगार, वळणदार रेघ, दिव्याच्या उजव्या कोपऱ्यापासून निघून नटाच्या जागेपाशी थांबलेली. श्रावणात त्याच चिरेतून गवताची एक काडी वर आली. मी उपटायला गेलो तर तात्या म्हणाले, "राहू दे गौरीपतूर." ब्रेकलाइटमध्ये पाणी साठायला लागलं. ब्रेक दाबला की आत लाल पाणी हेलकावे खायचं. गल्लीतली पोरं मागं उभी राहून मला ब्रेक दाबायला सांगायची आणि टाळ्या वाजवायची. त्या वर्षी नीरा-देवघर भरायच्या आत आमचा दिवा भरला. शेवटी मी दाभणानं खालून भोक पाडलं आणि विसर्ग सुरू केला. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा द्यायचा तेवढा राहिला.

मग दुरुस्तीचं मनावर घेतलं. पहिला उपाय चिकटपट्टीचा. खोकी बंद करायची ती तपकिरी पट्टी. वाऱ्यानं तिचं एक टोक सुटलं आणि ताशी पंचवीसच्या वेगाला फडफडायला लागलं. त्या आवाजानं पुढं चाललेल्या म्हशी मागं वळून बघायच्या. हॉर्नला कधी बधल्या नव्हत्या.

दुसरा उपाय पुतण्याचा. घरोघरी असतो तो झटपट चिकटणारा गोंद आणि खायचा सोडा. चिरेत सोडा भरायचा आणि वर गोंद सोडायचा. दोन्ही भेटले की जागच्या जागी दगड होतो. हे खरंच होतं. फस्स झालं, थोडी वाफ आली आणि चीर बुजली. पुतण्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. ती मुद्रा बराच वेळ टिकली, कारण त्याची तर्जनी स्पॉयलरला चिकटली होती. कोमट पाणी, साबण आणि आईचे शब्द, या तिन्हींच्या माऱ्यानं ती सुटली. पण उरलेला गोंद ओघळून खाली डिकीच्या रबरात गेला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरा दिवस गौरी आवाहनाचा. पुण्याहून आणलेले गौरींचे मुखवटे, साड्या, दागिने सगळं डिकीत. मी कळ दाबली. कट्ट असा आवाज आला, डिकी हलली नाही. मी ओढलं, पुतण्यानं ओढलं, मेव्हण्यांनी ओढलं. भोरजवळच्या भाटघर धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी चढलं की आपोआप उघडतात. आमचा एवढासा दरवाजा चार बाप्ये लागले तरी उघडेना. याच हिरडस मावळातले बांदलांचे लोक 1660 साली घोडखिंडीत सिद्दीच्या फौजेला अडवून उभे राहिले होते. त्यांच्या मुलखातला मी पाच रुपयांच्या गोंदापुढं हात टेकून उभा होतो. दारात बायका हळदीकुंकवाची पावलं काढून वाट बघतायत, मुहूर्त टळत चाललाय आणि आई आतून विचारतेय, "गौर कुठवर आली?"

"डिकीपर्यंत," मी म्हणालो.

शेवटी मागची सीट पाडून पुतण्या आत सरपटत गेला. सोन्यारुप्याच्या पावलांनी यायची गौर त्या वर्षी मागच्या सीटवरून, हँडब्रेकला वळसा घालून, पुढच्या डाव्या दारानं घरात आली. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. गौरी जेवल्या तेव्हा कुठं मला जेवायला मिळालं.

आता मिस्त्री गाठणं भाग होतं. भोरमध्ये मिस्त्री चांगले आहेत, पण ते भेटावे लागतात. आम्ही गेलो तेव्हा राजवाड्यात सिनेमाचं शूटिंग लागलं होतं आणि गॅरेजमधली पोरं ते बघायला गेली होती. मिस्त्री एकटे स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी लांबूनच चिरेकडं बघितलं.

"होऊन जाईल."

"कधी?"

"खोलावं लागंल."

"खोलून कधी?"

"होऊन जाईल."

मिस्त्री लोकांचं हे 'होऊन जाईल' काळाच्या कुठल्याच कोष्टकात बसत नाही. पण हात लावल्यावर मात्र बघत राहावं असं काम. गोंदानं धरलेलं रबर त्यांनी पत्र्याच्या पातळ पट्टीनं मोकळं केलं. डिकीच्या आतलं अस्तर काढलं, त्यामागं रबरी बुचं, बुचांमागं नट. दहाचा पाना लावून तीन नट काढले. चौथा नुसता गोल फिरायला लागला. प्लास्टिकमध्ये बसवलेली त्याची बुशी आतल्या आत सुटली होती, त्यामुळं नटाबरोबर बोल्टही फिरायचा. तो कापावा लागला. क्लिपा होत्या, त्या तुटल्या. "तुटनारच. पंधरा वर्षांची क्लिप म्हंजी म्हातारी की," असं म्हणून मिस्त्रींनी त्यांचे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिले. का, ते मला कळलं नाही. पुडी अजून घरात आहे.

मग त्यांनी बारीक ड्रिल घेतलं आणि चिरेच्या टोकाला भोक पाडलं. तात्या खवळले. "आरं, फुटल्यालं सांधायचं सोडून आनखी भोक?" मिस्त्री शांतपणे म्हणाले, "चीर पळत असती तात्या. टोकाला गोल भोक पाडलं की तिला पुढं पळायला कोपराच ऱ्हात न्हाय." नंतर चिरेची कड व्ही आकारात खरवडली, आतल्या बाजूनं तापवलेल्या तारेचे टाके प्लास्टिकमध्ये रुतवले, वरून त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा वितळवून भरला. घासून हात फिरवला तर चीर होती कुठं, ते बोटाला लागेना. तात्यांनीही फिरवला. मग म्हणाले, "मानूस बरा हाय," आणि घासाघीस करायला बसले.

रंग राहिला. रंगारी वेगळा, कारण मिस्त्री रंगाला हात लावत नाहीत आणि रंगारी पान्याला. त्यानं गाडीकडं, मग स्पॉयलरकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"गाडी पांढरी होती का?"

"आहेच."

"हस्तिदंती झालीय. नवा पांढरा मारला तर नुसता स्पॉयलर चमकंल. डिकी पन मारू."

"डिकी मारली तर?"

"मंग दोन्ही बाजू पिवळ्या दिसतील. त्या मारू."

"आणि मग?"

"मग पुढचं काय सोडायचं साहेब? सगळीच मारू."

हिशेब केला. रंगाच्या पैशात आमच्या गाडीसारखी दुसरी गाडी आली असती, आणि तिचा स्पॉयलर फुटलेला नसता. मी प्रायमरवरच थांबलो. पांढऱ्या गाडीवर करडा स्पॉयलर. बायको म्हणाली, "बरा दिसतोय." ती असं म्हणाली की त्या वस्तूकडं मी पुन्हा बघत नाही.

दसऱ्यानंतर घाटात गेलो. वाघजाईपाशी थांबलो, गरम भजी आली, आणि कठड्यावरून तेच थोराड माकड उतरलं. तात्यांनी ओळखलं. "त्योच त्यो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच जागे असल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माकडानं स्पॉयलर दोन्ही हातांनी धरला आणि मागं झोक दिला. चिरेचे टाके शाबूत राहिले, मिस्त्रींच्या कामाला मी कधीच नाव ठेवणार नाही. पण क्लिपा पुडीत होत्या आणि चौथा बोल्ट कापलेला होता. अख्खा स्पॉयलर हातात घेऊन माकड कठड्यावर जाऊन बसलं. उलटा केला, सुलटा केला, वास घेतला, एका कोपऱ्यातून चावून बघितला. इतके दिवस आम्ही इतकी माणसं ज्याच्यावर बोलत होतो, त्या वस्तूचा काही उपयोग नाही हे त्यानं मिनिटभरात ओळखलं आणि ती दरीत सोडून दिली. खाली महाड तालुका. म्हणजे आमच्या एमएच-12 गाडीचा एवढा भाग त्या दिवसापासून एमएच-06 च्या हद्दीत आहे. एवढ्या स्थलांतराला ना-हरकत दाखला लागत असेल, तर तो आम्ही घेतलेला नाही.

आता नवा घेणं आलं, कारण डिकीला चार भोकं उघडी पडली आणि पाणी थेट स्टेपनीवर गळायला लागलं. नाना पेठेत गाडीचा कुठलाही भाग मिळतो असं म्हणतात. मिळतही असेल, पण आधी परीक्षा घेतात. मॉडेल कुठलं? साल कुठलं? फेसलिफ्टच्या आधीची की नंतरची? दिवावाला की बिनदिव्याचा? चेसी नंबर? स्वतःच्या लग्नाबद्दलसुद्धा इतके प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. सगळी उत्तरं दिल्यावर दुकानदार फळीवरच्या धुळीकडं बघत म्हणाला, "कंपनीनं बंद केलाय." पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्यानं मात्र एक युनिव्हर्सल काढून दाखवला. कुठल्याही गाडीला बसतो म्हणाला. लांबी बघून वाटलं, त्यालाच चार चाकं लावावीत आणि आमची गाडी त्याच्या मागं बांधावी.

एका रविवारी जुन्या बाजारात सापडला. बुधवार-रविवार भरणारा हा बाजार. तिथं फुटक्या ग्रामोफोनपासून पितळी कुलपापर्यंत सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. एका ताडपत्रीवर, शिलाई मशिनचं चाक आणि पंख्याच्या पात्यांच्या मधे, आमच्याच मॉडेलचा, दिवा शाबूत असलेला, पण टमाट्याच्या रंगाचा स्पॉयलर.

"लाल आहे," मी म्हणालो.

"रंग काय बघता साहेब, कंडिशन बघा."

घेतला. गावी आणून लावायला गेलो तर बोल्टाची भोकं अर्ध्या इंचानं चुकली. फेसलिफ्टनंतरचा होता. नाना पेठेतला तो प्रश्न उगाच नव्हता. एका बाजूनं दोन बोल्ट बसले, दुसरी बाजू तात्यांनी स्लॅबच्या सळया बांधायच्या तारेनं आवळली. दिव्याचा पिनही वेगळा, पण पुतण्यानं वायरी पिळून जोडल्या. दिवा लागतो. ब्रेक दाबला की लागतो, आणि डावीकडचा इंडिकेटर दिला की तोही मदतीला लागतो.

पांढरी गाडी आणि मागं लाल पट्टा. पहिल्याच आठवड्यात कोंढरीच्या अलीकडं एका आजींनी हात करून गाडी थांबवली आणि बाही वर सारून दंड पुढं केला. आरोग्य खात्याची गाडी समजून त्या सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. बीपी बघायचं यंत्र आमच्याकडं नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग गोळ्या तरी द्या." पुतण्यानं त्यांना दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं, असा पुढच्या फेरीला निरोप आला.

पासिंगची तारीख मात्र डोक्यावर होती. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा पाच हजार फी होती, वर पर्यावरण कर, आणि गाडी अधिकाऱ्यांपुढं उभी करायची. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. लाल कसा, कुठून आणला, तार कसली, एकेका प्रश्नाचं उत्तर मी पाठ केलं होतं. पुतण्यानं वेगाच्या वर्गाचं सूत्रसुद्धा चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. अधिकाऱ्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवला, चेसी नंबर ताडून बघितला. मागं गेले. मी श्वास रोखला. खाली वाकून म्हणाले, "ही पाटी चालणार नाही. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा पाटी लागते. लावून आणा."

"आणि साहेब, हे वरचं?" मी न राहवून विचारलं.

"कुठलं?"

पाटी लावली, पासिंग झालं, गाडी आणखी पाच वर्षं रस्त्यावर चालायला कायद्यानं मोकळी झाली. तारेनं बांधलेली बाजू मात्र खड्ड्यागणिक वर-खाली होते, आणि या तालुक्यातली माणसं फार मायाळू. मोटरसायकलवाले शेजारी येऊन ओरडतात, "ओ काका, मागचं हलतंय!" एसटीच्या खिडकीतून हात बाहेर येतात. परवा तर टेम्पोवाल्यानं आडवं घालून गाडी थांबवली, खाली उतरून काचेपाशी आला आणि तेच सांगितलं. वर तार स्वतः पिळून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

तेव्हा भोर-महाड रस्त्यानं जाणाऱ्या सर्वांना हात जोडून विनंती आहे. पांढऱ्या गाडीवर लाल स्पॉयलर दिसला तर लाइट मारू नका, हॉर्न देऊ नका, आडवं घालू नका. हलतंय ते आम्हाला ठाऊक आहे. ओव्हरटेक करायचा असेल तर खुशाल करा, फक्त हिर्डोशीच्या अलीकडच्या वळणाला जरा बेतानं. तिथं संध्याकाळी म्हशी परततात.